बेलापूरच्या किल्ल्यावर, पदाजीमामाबरोबर

चढण तशी दहा मिनिटांची.
मामाला पाऊण तास लागला,
कारण दर वळणावर तो पाठमोरा व्हायचा
आणि खाडीत काय दिसतंय ते बघायचा.
आधी तिवरं, मग चिखल,
मग पाण्याची करडी पट्टी,
आणि धुरकटात पलीकडे बंदरातल्या क्रेन,
कामावर न बोलावलेल्या माणसांसारख्या उभ्या.

मी सांगत होते, हा आधी सिद्दीचा, मग पोर्तुगीजांचा,
मग मराठ्यांनी घेतला, मग इंग्रजांनी.
मला येत होतं तेवढं.
मामा म्हणाला, "हां."
त्याचे दोन्ही कान रेतीत गेलेत.
बावीस वर्षं बुड्या, तीन वाव पाण्याखाली,
हातात लोखंडी बादली, नाकाला काही नाही.
त्याच्याशी बोलायचं म्हणजे
पैलकाठावरच्या माणसाशी बोलायचं.

वर एकच बुरूज धड,
अर्धा उंबराच्या मुळांनी धरलेला,
अर्धा डागडुजीच्या पत्र्यांनी.
आत बदामात दोन नावं कोरलेली,
पैकी एक नंतर खरवडलेलं.

पायथ्याशी लग्नाआधीचं शूटिंग चाललेलं.
नवरी पिवळ्या गाऊनमध्ये, खाली स्पोर्ट्स शूज,
नवरदेव घामाघूम,
आणि एक पोरगा जांभळ्या धुराचं नळकांडं धरून
वारा पडायची वाट बघत.
"काका, जरा बाजूला!"
काका कुठले ऐकायला.
काका फ्रेमच्या मधोमध, हात दगडावर,
म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा.

"इतक्या जवल कदी आलूच नाय," मामा म्हणाला.

जन्मभर त्याने हा बुरूज पाण्यातून पाहिलेला.
मागे बुरूज, पुढे उलव्याची टेकडी,
दोन्ही एका दोरीत आली की सुकाणू वळवायचं,
नाहीतर होडी खडकावर.
रात्री टेकडी काळी, बुरूज त्याहून काळा.
बापाने शिकवलं त्याला.
बापाला कुणी, हे विचारायचं राहिलं.

मी नकाशा विभागात अठरा वर्षं ट्रेसर होते.
हा किल्ला माझ्या पेनाखालून गेलाय,
एक तांबडा ठिपका, बाजूला नंबर.
खाडी निळ्या शाईत.
टेकडी तपकिरी रेघांत, वर्तुळात वर्तुळ,
अंगठ्याच्या ठशासारखी.
ती वर्तुळं मीच काढून टाकली एका मार्चमध्ये,
ब्लेडने, कागद न फाटू देता.
साहेब खूश झाले होते.

आता तिथे विमानं उतरतात.
मामाला ती ऐकू येत नाहीत,
पण एक गेलं तेव्हा
त्याची बोटं दगडावरून उचलली गेली.

मग साऱ्या किल्ल्याला ऐकू जाईल असं विचारलं,
"टेकरी कुठं गेली गो?"
मी बोट दाखवलं.
जिथे काही नाही तिथे बोट दाखवणं अवघड असतं,
ते हलत राहतं.

तेवढ्यात पाण्यावर एक होडी.
एकच माणूस, निळा शर्ट का उघडाच, कळेना,
भरतीबरोबर आत येणारा, जाळं पुढ्यात.
मामा ताठ झाला.
वळला, आणि नवरीला, नवरदेवाला, धूरवाल्याला, मला,
दोन्ही हातांनी, कोंबड्या हाकलाव्यात तसं,
"बाजूला व्हा. बाजूला व्हा रं.
तेला बुरूज दिसूं द्या."

इतक्या लांबून आम्ही काय दिसणार,
मुंग्या, फार तर.
त्याच्या खिशात मोबाईल असेल, मोबाईलमध्ये वाट.
हे सगळं मला कळत होतं.
तरी मी सरकले,
नवरी सरकली, गाऊन गोळा करून,
आणि पोराने नळकांडं पाठीमागे लपवलं.

होडी बराच वेळ सरळच.
फोटोग्राफरने घड्याळ पाहिलं.
मामाचे ओठ हलत होते, मोजल्यासारखे.
मग म्हणाला, "आता."

हळू म्हणाला.
सकाळपासून पहिल्यांदाच हळू.